निम्मी क्षमता स्वच्छ झाली म्हणे, मग कोळसा कमी का होईना?

माळावरचा_वारा
२०२५ च्या जुलैत निम्मी वीजक्षमता स्वच्छ झाल्याची बातमी आली आणि आमच्या शाळेच्या ग्रुपवर तिरंगे, टाळ्या, शंख सगळं सुरू झालं. आकडा खरा आहे बरं का, त्यात खोट नाही. ३० जून २०२५ ला देशाची एकूण वीजक्षमता ४८४.८ गिगावॅट आणि त्यातली २४२.८ गिगावॅट कोळसा-गॅस-डिझेल सोडून बाकीची, म्हणजे ५० टक्क्यांच्या केसभर वर. हे २०३० पर्यंत करून दाखवतो असं आपण जगाला लिहून दिलं होतं, ते पाच वर्षं आधीच झालं. चांगलंच आहे की.

पण मी सबस्टेशनवर आयुष्य काढलेला माणूस, मला पहिला प्रश्न पडतो की मीटरवर काय दिसतंय. मीटरवर अजून चारातली जवळजवळ तीन युनिटं कोळशाचीच आहेत. २०२४-२५ मध्ये देशातलं कोळसा उत्पादन पहिल्यांदाच १०० कोटी टनांच्या वर गेलं, तीही बातमी त्याच ग्रुपवर त्याच माणसाने टाकली आणि टाळ्याही तेवढ्याच पडल्या.

क्षमता म्हणजे तालमीच्या वहीत नाव असलेले पैलवान, रोज आखाड्यात उतरणारे किती ते वेगळं मोजायचं. सोलर वर्षभराची सरासरी धरली तर आपल्या क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याइतकं चालतं, कोळसा दोन तृतीयांशाच्या आसपास. वर त्या २४२.८ मध्ये ४९ गिगावॅट मोठी धरणं आणि पावणेनऊ गिगावॅट अणुऊर्जा आहे, म्हणजे आपली १९६० मेगावॅटची कोयना आणि तारापूर पण त्यातच. ती काय २०१५ च्या पॅरिस हवामान कराराची वाट बघत थांबली नव्हती.

तर प्रश्न असा की आपण जगाला नेमकं काय कबूल केलंय? भाषणातलं एक आणि कागदावरचं एक असं मला दिसतंय. जाणकारांनी सांगावं. पक्षाचं राजकारण नको, त्याला दुसरे धागे आहेत.

तिरकस
पक्षाचं राजकारण नको म्हटलं की दहाव्या प्रतिसादाला येतंच. वाचतोय.

कलम२१
कागदाचं मी सांगतो, फाइल चाळलेली आहे.

नोव्हेंबर २०२१, ग्लासगोची हवामान परिषद. पंतप्रधानांनी पाच गोष्टी सांगितल्या, पंचामृत. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमता, ऊर्जेची निम्मी गरज अक्षय स्रोतांतून, अंदाजित उत्सर्जनात १०० कोटी टनांची घट, जीडीपीच्या प्रमाणात उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी, आणि २०७० ला नेट झिरो, म्हणजे जेवढा धूर सोडू तेवढा शोषून घ्यायचा.

ऑगस्ट २०२२ ला संयुक्त राष्ट्रांकडे जो सुधारित आराखडा गेला, ज्याला एनडीसी म्हणतात, त्यात यातलं काय उतरलं ते बघा. ४५ टक्के आहे. ५० टक्के आहे, पण ते "ऊर्जेच्या गरजेचे" नाहीत, विजेच्या बसवलेल्या क्षमतेचे आहेत. वीज म्हणजे एकूण ऊर्जेचा एक भाग झाला, ट्रक-ट्रॅक्टरचं डिझेल, सिमेंटची भट्टी, चूल हे सगळं त्याच्या बाहेर, आणि त्यातही क्षमता म्हणजे वर म्हटलंय तसं वहीतलं नाव. त्यालाही अट जोडलेली आहे, तंत्रज्ञान आणि स्वस्त आंतरराष्ट्रीय पैसा मिळाला तर. झाडांमधून २५० ते ३०० कोटी टन कार्बन शोषणाचं २०१५ चं आश्वासन तसंच ठेवलंय. जीवनशैलीवर एक परिच्छेद आहे, मिशन लाइफ वगैरे. ५०० गिगावॅट त्यात नाही. १०० कोटी टन नाही. २०७० आहे ते पुढचं ध्येय म्हणून, २०३० च्या लक्ष्यांच्या यादीत नाही.

हे लबाडीने केलं असं मी म्हणत नाही. वाटाघाटीत बसलेला कुठलाही शहाणा माणूस भाषण सढळ हाताने करतो आणि सही हात आखडून करतो.

पॅरिस कराराची रचनाच तशी आहे. आधीच्या क्योटो करारात (१९९७) श्रीमंत देशांना बांधील आकडे होते, आपल्याला नव्हते. पॅरिसमध्ये ज्याने त्याने आपापलं लक्ष्य ठरवून पाठवायचं, दर पाच वर्षांनी आधीपेक्षा चढं, आणि काय केलं त्याचा हिशोब द्यायचा. नाही गाठलं तर दंड नाही. २०१५ ला पॅरिसच्या वेळी पर्यावरण खातं आपल्या जावडेकरांकडे होतं आणि २ ऑक्टोबर २०१६ ला आपण कराराला मंजुरी दिली.

तिरकस
दंड नाही, मुदत आपली, आकडा पण आपलाच. मग नापास कोण होणार हो?

कलम२१
होतात की. कॅनडाला क्योटोचा आकडा गाठवेना तेव्हा २०११ मध्ये सरळ बाहेर पडतो म्हणाले. अमेरिकेने क्योटोला मंजुरी कधी दिलीच नाही आणि पॅरिसमधून दोनदा काढता पाय घेतला. त्या मानाने आपण बरेच सरळमार्गी.

हेमलता_डॉर्टमुंड
हेच म्हणायला आले. मूळ धाग्यातला सूर मला पटला नाही, सॉरी. जरा आकडे समोर ठेवून बोलूया. भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकेत १४ च्या आसपास, मी राहते त्या जर्मनीत ७ च्या घरात. आणि हे झालं आजचं, गेल्या पावणेदोनशे वर्षांत आकाशात जो साचलाय त्याचा हिशोब काढला तर अख्ख्या दक्षिण आशियाचा वाटा ४ टक्के निघतो.

इथली गंमत सांगते. २०२२ ला रशियाचा गॅस आटला तेव्हा राखीवमध्ये टाकलेली कोळशाची केंद्रं इथे परत पेटवली. माझ्याच राज्यात लुत्झेरात नावाचं गाव लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणीसाठी जानेवारी २०२३ मध्ये पोलीस लावून रिकामं केलं, चिखलात उभ्या पोरांना उचलून नेत होते. म्हणजे पैसा, तंत्रज्ञान सगळं असूनही वेळ आली की कोळसाच. आणि हेच लोक ग्लासगोला शेवटच्या रात्री भारताने कोळशाबद्दलचं वाक्य मवाळ करून घेतलं म्हणून नाकं मुरडत होते. त्या वाक्यात फक्त कोळसा होता, तेल आणि गॅस नव्हता, हे कुणी बोलत नाही, कारण ते त्यांचं.

आणि पैसा? २००९ ला कोपनहेगनच्या परिषदेत श्रीमंत देशांनी कबूल केलं की विकसनशील देशांना २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ. त्यांच्याच हिशोबाने तो आकडा गाठला २०२२ ला आणि त्यातही बरंचसं कर्ज. मग २०२४ ला बाकूच्या परिषदेत ३०० अब्जांवर बोळवण, तीही २०३५ पर्यंत, विकसनशील देश १.३ लाख कोटी डॉलर मागत असताना. हातोडा आपटून झाला आणि मगच आपल्या बाजूने वाटाघाटी करणाऱ्या चांदनी रैना बाईंना बोलू दिलं, त्यांनी भर सभागृहात सुनावलं. मला तरी अभिमान वाटला.

माळावरचा_वारा
हेमलताताई, न्यायाच्या मुद्द्यावर माझं तुमच्याशी भांडण नाहीच. बाहेर भारताची बाजू १०० टक्के बरोबर. माझं म्हणणं घरातलं आहे. माणशी २ टन ही सरासरी झाली, त्यात मुंबईत चार एसी लावून बसलेला पण येतो आणि आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरमागे घागर घेऊन पळणारी बाई पण येते. बाहेर आपण तिच्या नावाने न्याय मागतो, घरात त्यातलं तिच्यापर्यंत किती पोचतं? तो हिशोब कुठल्याच एनडीसीत नाही.

राजू_पुणे३०
२०१४ च्या आधी कुणी काही केलं होतं का पण??

तिरकस
आला. सातवाच प्रतिसाद आहे, अंदाज तीनने चुकला.

कलम२१
राष्ट्रीय हवामान कृती आराखडा ३० जून २००८ ला जाहीर झाला, आठ मिशनं. सौर, ऊर्जा बचत, शहरं, पाणी, हिमालय, जंगल, शेती आणि अभ्यास. सौर मिशन २०१० ला सुरू, लक्ष्य २०२२ पर्यंत २० गिगावॅट. २०१५ ला ते १०० केलं आणि पवन वगैरे धरून १७५. १७५ ची मुदत हुकली, घरांच्या छपरावरचं ४० गिगावॅट तर फारच मागे राहिलं, पण आधीच्या २० पेक्षा कितीतरी पुढे गेलो. कोपनहेगनला पर्यावरणमंत्री जयराम रमेश होते तेव्हा २०२० पर्यंत २० ते २५ टक्के तीव्रता घटवू म्हटलं, पॅरिसला ३३ ते ३५, नंतर ४५. सरकारं बदलली, वाटाघाटीतली भूमिका फारशी बदललेली नाही. झालं समाधान?

स्नेहल_चिं
तीव्रता म्हणजे काय ते एकदा साध्या मराठीत सांगा ना कुणीतरी, प्रत्येक बातमीत येतं आणि मी पुढे सरकते.

माळावरचा_वारा
रुपयाची कमाई करायला किती धूर सोडला ते. २००५ ते २०२० मध्ये आपला रुपयामागचा धूर ३६ टक्क्यांनी कमी झाला. पण रुपये कितीतरी पटीने वाढले, त्यामुळे एकूण धूर वाढलाच. २०२० चं एकूण उत्सर्जन, कोविडचं वर्ष असूनही, साधारण २९६ कोटी टन होतं, जंगलांनी शोषलेलं वजा केलं तर २४४ कोटी. लक्ष्य रुपयामागे ठेवलं की विकासाला अडसर येत नाही आणि लक्ष्यही गाठता येतं. हुशारीचंच काम आहे.

उर्जानगर
मी चंद्रपूरचा. तुमची चर्चा भारी चालू आहे जी, पण इथं खिडकी उघडली का पहिले थर्मलच्या (औष्णिक वीजकेंद्राच्या) चिमण्या दिसतात. २९२० मेगावॅट. सकाळी गाडीच्या काचेवर बोट फिरवलं का राखेची रेघ उमटते, वाळू घातलेले पांढरे कपडे संध्याकाळी करडे होऊन आत येतात, आणि मे महिन्यात पारा ४६-४७ ला गेला का टीव्हीवाले येऊन अंडं फोडून दाखवतात रस्त्यावर. तेवढ्यापुरती आमची आठवण.

आता मुद्द्याचं. कोळशावर २०१० पासून उपकर होता, टनाला ५० रुपये, मग १००, २०० आणि २०१६ पासून ४००. नाव काय तर स्वच्छ ऊर्जा उपकर, पैसे जाणार राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत. २०१७-१८ पर्यंत ८६ हजार कोटींच्या वर गोळा झाला आणि त्या निधीत पोचला त्यातला तिसरा हिस्सा. मग जीएसटी आला, उपकर राज्यांच्या नुकसानभरपाईत गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये तर उपकरच काढला, जीएसटी ५ चा १८ टक्के केला, पण हलक्या दर्जाच्या कोळशावर एकूण बोजा कमीच झाला. आता सांगा, दुनियेत कोळशावर इतक्या आधी कर लावणारा देश म्हणून आपण परिषदांमध्ये मिरवत होतो, त्यातला किती पैसा खाणीच्या गावांत आला? काहून नाही आला? सीएचपीवर, म्हणजे कोळसा हाताळायच्या प्लांटवर, ठेकेदाराकडं काम करणारी पोरं आहेत इथं, कोळशाच्या पट्ट्याशेजारी उभी असतात तोंडाला दुपट्टा बांधून. थर्मल बंद झालं तर ती पोरं कुठं जाणार? सोलर लागणार राजस्थानात, नाहीतर मराठवाड्यात. म्हणून बंद करा असं मी म्हणत नाही आणि चालूच ठेवा असंही म्हणत नाही. पण २०७० म्हणता ना, मंग तिथपर्यंतच्या रस्त्यावर चंद्रपूरचं नाव कुठं लिहिलंय तेवढं दाखवा बे कुणी.

स्नेहल_चिं
वरच्या प्रतिसादाला +१००

हेमलता_डॉर्टमुंड
हे मात्र इथे जर्मनीत बऱ्यापैकी झालंय. २०३८ पर्यंत कोळसा बंद करायचा कायदा केला तेव्हाच खाणपट्ट्यातल्या भागांसाठी अब्जावधी युरो त्याच्यासोबत बांधून ठेवले. ते नीट खर्च होतात का हा वेगळा वाद, पण कायद्यात जिल्ह्यांची नावं आहेत. उर्जानगर, तुमचा मुद्दा मान्य.

नटबोल्ट
माझा भोसरीला छोटा कारखाना आहे, नट, बोल्ट, स्टड, थोडा माल जर्मनीला जातो. तुम्ही लोक २०३०, २०७० बोलताय, माझ्याकडे हवामान बदल २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ईमेलने आला. युरोपचा सीबॅम, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरचा कार्बनचा कर. तिकडच्या गिऱ्हाइकाने एक एक्सेल पाठवली की एक टन बोल्टमागे किती कार्बन ते भरून द्या, दर तीन महिन्यांनी. मी भरणार काय कपाळ? माझ्याकडे धूर कसला, कोल्ड फोर्जिंग, थ्रेड रोलिंग, हीट ट्रीटमेंटची भट्टी आणि प्लेटिंग बाहेरून. खरा कार्बन सगळा वायर रॉडमध्ये, तो ज्या मिलमध्ये ओतला तिथे. मिलला विचारलं तर तिथला मॅनेजर म्हणतो साहेब तुम्ही महिन्याला किती टन उचलता, आणि हसतो. आकडा नाही दिला तर युरोपवाले आपला ठोकळ आकडा लावतात आणि तो चढाच असतो.

१ जानेवारी २०२६ पासून नुसती माहिती नाही, तिकडच्या आयातदारावर पैशाचा बोजा सुरू. वर्षाला ५० टनांच्या आत आयात करणाऱ्याला सूट आहे पण माझं गिऱ्हाईक काय फक्त माझ्याकडून घेत नाही. आता तो म्हणतो भाव कमी करा नाहीतर आकडा द्या.

हेमलताताई, न्यायाचा मुद्दा इथे लावा ना. पॅरिसमध्ये ज्याने त्याने आपलं ठरवायचं म्हणाले, आणि मागच्या दाराने माझ्या बोल्टवर त्यांचा दर.

हेमलता_डॉर्टमुंड
अगदी. भारताने हा मुद्दा परिषदेत पण लावून धरलाय. पण खरं सांगू का, इथल्या स्टीलवाल्यांना कार्बनचे पैसे भरावे लागतात, मग ते म्हणतात बाहेरच्याला फुकट का? त्यांचं तोंड बंद करायला हे काढलं.

कलम२१
याच्यावरचं आपलं उत्तर म्हणजे देशातला कार्बन बाजार. २०२२ ला ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, २०२३ च्या जूनमध्ये योजना अधिसूचित झाली. सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम वगैरे मोठ्या कारखान्यांना तीव्रतेची लक्ष्यं, लक्ष्यापेक्षा जास्त घट केली तर प्रमाणपत्र विका, कमी पडलं तर विकत घ्या. इथे भरलेल्या कार्बनच्या किमतीची वजावट तिकडे मागता येते, नियमात तशी सोय आहे. पण इथला भाव तिथल्याच्या जवळपासही नसेल तर वजावटीने कितीसं भागणार.

शिवारफेरी
मी परभणी जिल्ह्यातला, इतका वेळ नुसता वाचत होतो. एक शेतकऱ्याचं पण ऐका. मागेल त्याला सौर पंपातून ५ एचपीचा पंप बसवला, दहा टक्के आपले भरायचे बाकी सरकारचं. पहिलं चांगलं सांगतो. आधी लाइटचं कसं होतं, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीला गव्हाला दारं धरायला जायचं म्हणजे एका हातात बॅटरी, एका हातात खोरं, पाय टाकायच्या आधी जमीन बघायची, साप कुठं असंल नेम नाही. आता सकाळी नऊ-साडेनऊला पाणी पडायला लागतं, चार-साडेचारला पंप दम टाकतो, घरी येऊन माणसासारखं जेवतो. बायको म्हणते एवढं एक काम सरकारनं बरं केलं. कंट्रोलर बिघडला तेव्हा कंपनीवाला लवकर फिरकला नाही, पॅनेलवरची धूळ आपणच पुसायची, ढगाळ दिवशी नुसती धार, ते चालतंय.

आता वाईट सांगतो. बिल नाही म्हटल्यावर पंप बंद कोण करतो राव? ऊन आहे तवर चालू. आमच्या शिवारात आधी एप्रिलपर्यंत टिकणाऱ्या बोअर आता फेब्रुवारीतच गुळण्या टाकायला लागल्या. आणि पोकरातून शेततळी झाली, प्लास्टिकचा कागद टाकून, योजना जागतिक बँकेच्या पैशाची आणि नाव हवामानाला तोंड द्यायचं. कागद पावसाचं पाणी साठवायसाठी आहे, पण पाऊस झाला नाही का बोअरचंच पाणी उपसून तळं भरतात, मग ते उन्हात वाफ होऊन जातंय. सगळे नाही करत, पण करतात. म्हणजे कोळसा वाचला आणि पाणी गेलं.

माळावरचा_वारा
शिवारफेरी, तुमचा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी झाला. मला कधीपासून वाटतंय की वेगवेगळ्या पंपांपेक्षा सौर कृषी वाहिनी बरी, म्हणजे सबस्टेशनजवळ सोलर प्लांट आणि अख्खा शेतीचा फीडर दिवसा त्यावर. पाणी नको त्या दिवशी ती वीज ग्रिडमध्ये दुसऱ्या कुणाला तरी जाते, शेतातल्या पॅनेलची वीज मात्र पंप बंद की वाया. आणि मग पंप बंद ठेवायला शेतकऱ्याला काही मोबदलाही देता येईल, मीटर लावू दिलं तर. पण मीटर म्हटलं की आमदारापासून सगळे अंगावर येतात.

आणि वर मी विचारलेलं, कोळसा का कमी होईना, त्याचं निम्मं उत्तर यातच आहे. दुपारी सोलर इतकं असतं की काही वेळा ते बंद ठेवायची पाळी येते आणि संध्याकाळी सातला लोक घरी येऊन दिवे, पंखे, एसी लावतात तेव्हा सूर्य नाही. मे २०२४ अखेरीस देशाची मागणी २५० गिगावॅटला टेकली होती. दिवसाचं सोलरने निभावतं, रात्रीला बॉयलर. बॉयलर काही बटण दाबून बंद-चालू होत नाही, दुपारी मंद आचेवर ठेवायचा आणि संध्याकाळी चढवायचा. साठवण हवी. बॅटऱ्या नाहीतर वरखाली दोन धरणं, दुपारी पाणी वर चढवा, रात्री सोडा. आपल्या घाटघरला २००८ पासून २५० मेगावॅटचं तसंच चालू आहे, आता सह्याद्रीत असे बरेच प्रकल्प येऊ घातलेत. त्यात जंगल किती जाणार हा पुढचा वाद.

कलम२१
तो वाद कोर्टात झालेला आहेच, तुमच्याच सोलापूरच्या पाहुण्यावरून. माळढोक पक्षी. राजस्थान-गुजरातमध्ये तारांना धडकून मरतात म्हणून २०२१ ला सुप्रीम कोर्टाने तारा जमिनीखालून न्या म्हटलं, सरकार गेलं की याने आमच्या सौर लक्ष्याला आणि आंतरराष्ट्रीय बांधिलकीला खीळ बसते. मार्च २०२४ च्या निकालात कोर्टाने सरसकट आदेश मागे घेतला, समिती नेमली, पण जाता जाता मोठी गोष्ट म्हटली, की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क कलम १४ आणि २१ मध्ये येतो. म्हणजे पॅरिसच्या कागदावर कुणी कोर्टात जाऊ शकत नाही, पण शिवारफेरी किंवा उर्जानगर उद्या या हक्कावर जाऊ शकतात. देशात हवामानाचा स्वतंत्र कायदा अजून नाही, असता तर सोपं झालं असतं.

माळावरचा_वारा
नान्नजच्या अभयारण्यात माळढोक दिसणं म्हणजे लॉटरी आहे हो आता. सौरवाल्यांनी नाही घालवले, आमचे आम्हीच घालवले, माळ नांगरून.

उर्जानगर
कोर्टात जायला वकील तुम्ही देता का मंग, कलमराव? फी राखेत घ्याल तर या.

कलम२१
फी नको, वडाभात खाऊ घाला. पण गंमत सोडा, राखेची विल्हेवाट आणि पाण्याचे नमुने यांचे कागद माहिती अधिकारात मागवून ठेवा आत्ताच, केस उभी राहते ती कागदावर. मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

नटबोल्ट
अपडेट. मिलने शेवटी एक्सेल पाठवली. निम्मे रकाने रिकामे आणि विजेच्या रकान्यात "ग्रिड" एवढंच लिहिलंय. हे असंच पुढे पाठवू का कुणाला भरता येतं? पडताळणी करणाऱ्या एजन्सीचा अंदाजे खर्च माहीत असेल तर तोही सांगा, पुढच्या आठवड्यात भाव कळवायचाय.